ओघ-सात आणि खंडेनवमीचा नारळ

ओघ-सातचा अनुभव कसा वाटला, असं कंपनी मला रोज सकाळी विचारते. पडद्यावर पाच रिकामे तारे येतात आणि त्यांच्याखाली दोन ओळींची जागा. मी काही लिहिण्याआधीच त्या जागेत फिकट अक्षरं उमटतात, 'अतिशय उपयुक्त. जगणं सोपं झालं.' मी नुसती मान डोलवायची, की झालं. मी अजून डोलवलेली नाही. माझा अनुभव दोन ओळींत मावणारा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कागदावर लिहिते आहे, कारण कागद माझं वाक्य परस्पर पुरं करत नाही.

संगणकाशी माझी ओळख फार जुनी आणि तिची सुरुवातच भांडणानं झाली. मी आणि महानंदा बिराजदार तेव्हा सोलापूरला एका बँकेच्या शाखेत शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. दोघीही पंचविशीच्या आतल्या. शाखेत संगणक येणार अशी बातमी आली, तशी संघटना खवळली. एक यंत्र दहा जणांची नोकरी खाणार म्हणून आम्ही मोर्चे काढले. महानंदा सगळ्यांत पुढे, कारण तिचा आवाज पहाडी. मी मागे, कारण चालता चालता घोषणा दिल्या की मला धाप लागायची. मोर्चे झाले, निवेदनं झाली आणि संगणक यायचा तो आलाच. लाकडी खोक्यातून, भुशात बसून, हापूस आंब्यासारखा.

तो आला तेव्हा नवरात्र चालू होतं. खंडेनवमीला सोलापुरात मागाला हार पडतो, रिक्षाला पडतो, शिवणयंत्राला पडतो. शाखेत आम्ही टंकयंत्रांची आणि तिजोरीची पूजा करायचो. आता शत्रू झाला म्हणून काय झालं, दारात आलेलं यंत्र बिनपूजेचं कसं ठेवायचं? त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायचा सोडून थेट त्याच टेबलाच्या कडेवर फोडला गेला. सगळं पाणी कळफलकात. आतून तळणीत पापड टाकल्यासारखा आवाज आला आणि मुंबईहून आलेला इंजिनिअर मटकन खाली बसला. त्यानंतर कित्येक महिने तो संगणक चादरीखाली झाकलेला होता. संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले, "आपल्या एवढ्या मोर्च्यांना जे जमलं नाही, ते एका नारळानं केलं."

मॅनेजरनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. "नारळ कुणी फोडला?"

"हिनं," महानंदानं माझ्याकडे बोट केलं.

"हिनं," त्याच क्षणी मीही म्हटलं.

फोडला तिनंच होता. हे मी आजही कुठल्याही देवासमोर सांगेन. पण तिनं ते जन्मात कबूल केलं नाही. माझी बदली पुण्याला झाली, लग्नं झाली, मुलं झाली, निवृत्त झालो, दोघींचे नवरे गेले. दर रविवारी सकाळी तिचा फोन मात्र चुकला नाही. सुरुवात ठरलेली.

"कुमे, जिती हैस का गेलीस बे?"

"तुला पोचवल्याशिवाय मी कुठली जाते."

"मग बस वाट बघत. मी काय लवकर निघत नाही."

मग सांधेदुखी, सुना, शेंगाचटणीत लसूण किती, जग कसं बिघडलं, असं सगळं व्हायचं. आणि शेवटी तिचं यायचंच, "नारळाचं मान्य करायलीस का आज?"

"तू फोडलास."

"खोटारडी. मरताना तरी खरं बोल बे." आणि फोन बंद. नारळ फुटल्याशिवाय आमचा फोन खाली ठेवला जायचा नाही.

या सगळ्या काळात संगणकाच्या किती सुधारणा पाहिल्या, त्याची गणती नाही. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं पाहिली, खिशात मावणारा संगणक पाहिला, भिंतीत बसलेलाही पाहिला. माझी रीत एकच, यंत्र आलं की आधी त्याच्याशी भांडायचं आणि मग सगळ्यांच्या आधी ते शिकायचं. प्रत्येक सुधारणेनं काही दिलं आणि जाता जाता काही नेलं. फोननंबर पाठ असायचे ते गेले. रस्ते लक्षात असायचे, तेही गेले. मी कुरकुर केली, पण फार नाही. रस्ता काय, कुणालाही विचारता येतो.

या खेपेला ओघ-सात बोलणं न्यायला आला होता.

आधीच्या यंत्रणांना सांगावं लागायचं. हे उघड, ते मिट, अमक्याला फोन लाव. ओघच्या सातव्या सुधारणेबरोबर शर्टाच्या बटणाएवढा एक बिल्ला आला, गळ्याशी चिकटवायचा. आपण बोलण्याच्या किंचित आधी मेंदू गळ्याच्या आणि जिभेच्या स्नायूंना हुकूम धाडतो. त्या हुकमाची विजेची बारीकशी लहर कातडीपर्यंत पोचते. आपल्याला ती जाणवत नाही, बिल्ल्याला जाणवते. शिवाय ओघजवळ आपले कित्येक वर्षांचे फोन आणि निरोप साठवलेले असतात. हा माणूस कुणाशी काय बोलतो, कुठल्या शब्दामागून कुठला शब्द आणतो, हे त्याला ठाऊक असतं. या दोन्हींचा मेळ घालून तो अंदाज बांधतो आणि आपण अडखळलो की राहिलेला शब्द आपल्याच आवाजात पुरवतो. समोर माणूस असेल तर बिल्ला बोलतो. फोनवर असलो तर तो शब्द आपल्या बोलण्यात बेमालूम मिसळतो आणि पडद्यावर चित्र दिसत असेल तर चित्रातले ओठही तसेच हलतात. जुन्या संसारात बायको नवऱ्याचं वाक्य पुरं करायची, तसंच हे. फरक एवढाच, की बायकोचा आवाज निराळा ओळखू यायचा.

पहिल्या हजार वापरकर्त्यांत मी आपणहून नाव दिलं. सुरुवातीला आवडलंही, खोटं कशाला बोलू? मंडईत एका भाजीचं नाव मला आठवेना. तोंडावर होतं, पण जिभेवर येईना. या वयात असं झालं की भलतीच शंका येते. तेवढ्यात गळ्याशी माझाच आवाज म्हणाला, "घोसाळी द्या अर्धा किलो." मला इतकं हायसं वाटलं की मी किलोभर घेतली.

मग लिफ्टचं प्रकरण झालं. आमची लिफ्ट बंद होती आणि चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईसाठी त्याचा अर्थ काय, ते सोसायटीचे चेअरमन सबनीस यांना समजावायला मी जिना उतरून गेले. मनात वाक्य घासूनपुसून तयार होतं, 'सबनीस, लिफ्ट चालू करता येत नसेल तर खुर्ची सोडा.' पण दम लागला होता. "सबनीस, लिफ्ट..." एवढं म्हणून मी श्वास घ्यायला थांबले.

"...साठी तुम्ही किती धावपळ करता हो! खरंच कौतुक आहे," माझा आवाज म्हणाला.

सबनीस विरघळले. त्यांनी मला बाकावर बसवून पाणी दिलं. लिफ्ट अजून बंदच आहे.

मी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती. तिच्याही गळ्याशी बिल्ला असणार. ती म्हणाली, "मॅडम, प्रत्येक संवादानंतर ऐकणारी व्यक्ती तारे देते. ज्या वाक्यांना जास्त तारे मिळतात, तशी वाक्यं ओघ शिकतो."

"बोलणाऱ्याला तारे देता येत नाहीत?"

"बोलणाऱ्याचं तर काम होतंच ना, मॅडम."

"माझं नाही झालं. लिफ्ट बंद आहे."

"पण संबंध किती छान राहिले," ती म्हणाली.

मी बिल्ला काढून मोहरीच्या डब्यात टाकला. बिल्ल्यावाचून ओघ-सात म्हणजे जुनाच ओघ, सांगितल्याशिवाय काही न करणारा. माझ्यापुरता विषय संपला, असं मला वाटलं.

तिकडे महानंदाच्या मुलानंही आईचं नाव त्याच हजारात दिलं होतं. मल्लिनाथ कॅनडात असतो. एकुलता एक, आणि मनानं चांगला. आई सोलापूरला, तिच्यासोबत दिवसरात्र राहणारी रेणुका नावाची बाई, आणि तो तिकडून रोज पडद्यावर आईशी बोलणार. तिच्या गळ्याशी बिल्ला लागल्यानंतरच्या एका रविवारी तिचा फोन आला.

"कुमुद, कशी आहेस गं? तुझी फार आठवण येत होती."

मला वाटलं, शेजारी पाहुणे बसलेत. "नंदे, कुणी आलंय का?"

"नाही गं. वय झालं आता, म्हटलं गोड बोलावं."

आवाज तिचाच, तोच पहाडी, किंचित खरखरीत. खोकलासुद्धा तिचा. वयानं माणूस मऊ होतं म्हणतात, तसं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी मी चटणीत गूळ घातल्याचं मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "छान लागत असेल." शेंगाचटणीत गूळ! पूर्वी एवढ्यावर तिनं माझी सात पिढ्यांची सोलापुरी काढून घेतली असती.

शेवटी मीच तो विषय काढला. "नंदे, आणि नारळाचं काय?"

"नारळ मीच फोडला होता, कुमुद. इतकी वर्षं तुला उगीच बोल लावला. माझं चुकलं."

उभ्या आयुष्यात जे वाक्य ऐकायला मी टपून बसले होते, ते कानावर पडलं आणि मला आनंदच होईना. महानंदा मेली असती तरी हे म्हणाली नसती. मग हे म्हणतंय कोण?

फोन संपला. पडद्यावर तारे आले, 'आपल्या मैत्रिणीशी झालेला संवाद कसा वाटला?' त्या ताऱ्यांकडे बघता बघता माझ्या ध्यानात आलं. बोलणारा थोडा अडला तर ओघ थोडं पुरवतो. खूप अडला तर खूप पुरवतो. आणि गळ्याकडून येणाऱ्या लहरींचा अर्थच लागेनासा झाला तर? तर तो गप्प बसत नाही, गप्प बसायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. मग सबंध वाक्य तो आपल्या मनानं रचतो, आणि ऐकणाऱ्याला आवडेल असं रचतो, कारण तारे ऐकणाऱ्याच्या हाती. मला काय आवडेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दर रविवारी मी तेच तर मागत होते.

म्हणजे महानंदा स्वतः काहीच बोलत नव्हती. कदाचित तिला बोलताच येत नव्हतं.

मी मल्लिनाथला फोन केला.

"मावशी, आई एकदम मस्त आहे," तो म्हणाला. "कालच अर्धा तास बोललो. उलट हल्ली चिडत नाही, टोमणे मारत नाही..."

"मल्लू, ती चिडत नाही, हेच सांगायला फोन केलाय मी."

"ही काय तक्रार झाली? तुम्हाला भांडायला कुणी उरलं नाही म्हणून तुम्ही..." तो थांबला. "सॉरी. पण तुमचा पहिल्यापासूनच कॉम्प्युटरवर राग, मावशी. नारळाची गोष्ट मला पाठ आहे."

"पाठ आहे ना? मग नारळ कुणी फोडला?"

"आई म्हणते, तुम्ही."

"तिला आज विचार. ती म्हणेल, मी फोडला. तेवढ्यावरून तरी ओळख."

त्यानं ते हसण्यावारी नेलं. मी दुसऱ्या दिवशी सोलापूरची बस धरली. बसला ड्रायव्हर नव्हता, पण ती सोलापूरपर्यंत माझ्या तब्येतीची चौकशी करत होती. मी उत्तर दिलं नाही.

होटगी रोडला महानंदाच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा दुपारचं ऊन मी म्हणत होतं. रेणुकानं दार उघडलं. खिडकीशी खुर्चीत महानंदा बसली होती. गळ्याशी बिल्ला.

"ये कुमुद, ये. प्रवास नीट झाला ना? किती दिवसांनी पाहतेय तुला!"

आवाज मायेनं ओथंबलेला. पण तिचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत नव्हते. ते आपलंच काहीतरी घडवू पाहत होते, आणि तेही डाव्या बाजूनंच. उजवा कोपरा खाली ओघळला होता. उजवा हात मांडीवर घडी घातलेल्या रुमालासारखा पडला होता. डाव्या हातानं ती खुर्चीचा हात थडाथड बडवत होती आणि डोळ्यांत नुसता अंगार.

"बस ना," आवाज म्हणाला. "रेणुका, बाहेर केवढं ऊन आहे. हिला शहाळ्याचं पाणी दे."

महानंदानं हात आणखी जोरात आपटला.

"बरेच दिवस झाले, असंच हात आपटतेत," रेणुका हळूच म्हणाली. "मी दादांना सांगितले की ओ, आजीचं तोंड वाकडं वाटायलंय म्हणून. दादा म्हणले, फोन लाव, बघतो. फोनवर आजी चांगलं बोलल्या. हसल्या पण. दादा म्हणले, तू उगं घाबरायलीस."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर पण पडद्यावरच बघतेत. आजींनीच सांगितलं त्यांना, मी बरी हाय म्हणून. मी अडाणी बाई, माझं कोण ऐकतंय?" असं म्हणून ती आत गेली आणि पेला भरून शहाळ्याचं पाणी घेऊन आली. पेला तिनं दोघींच्या मधल्या तिपाईवर ठेवला.

मी महानंदाच्या पुढ्यात वाकले. "नंदे, हे काढू का?"

"नको गं, असू दे," तिच्या गळ्याशी तिचा आवाज म्हणाला. "मला बरं वाटतं त्यानं."

आणि महानंदानं हनुवटी वर केली. न्हाव्यापुढे करतात तसा अख्खा गळा तिनं माझ्यापुढे केला.

"पुण्याच्या आजी, काढू नका ओ, दादा रागावतेत!" रेणुका म्हणाली. तोपर्यंत बिल्ला माझ्या हातात आला होता.

महानंदानं तोंड उघडलं. "क..." घाम फुटला तिला. "क... क..." तिला 'कुमे' म्हणायचं होतं की 'काय बे', मला माहीत नाही. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, तो तिला द्यावा म्हणून जीव कासावीस झाला. मी ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द देण्याचंच काम तर इतके दिवस तो बिल्ला करत होता.

बिल्ला निघाल्याची सूचना कॅनडात पोचली असणार. भिंतीवरचा पडदा उजळला आणि त्यात मल्लिनाथ आला. झोपेतून उठलेला, केस विस्कटलेले.

"आई? रेणुका, बिल्ला का काढला? अरे, मावशी, तुम्ही तिथे?"

"मी काढला. आता नीट बघ आईकडे."

त्यानं बघितलं. पडद्यावरचं त्याच्या आईचं तोंड पहिल्यांदाच तिचं स्वतःचं होतं. ती त्याच्याकडे बघून ओठ हलवत होती. आवाज येत होता, शब्द येत नव्हता. मल्लिनाथचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तो बिल्ला लाव आधी. रेणुका, लाव!"

"रेणुका, हात लावायचा नाही."

"मावशी, ती माझी आई आहे!"

"आणि माझी वैरीण आहे, तुझ्या जन्माआधीपासूनची. अरे, हिला झटका येऊन गेलाय. तो बिल्ला तिच्या तोंडून 'मी बरी आहे' म्हणत राहिला आणि कुणाला पत्ता लागला नाही. तासाभरात हिला दवाखान्यात नेते आहे, हात लावून बघणाऱ्या डॉक्टरकडे."

"न्या, जरूर न्या. पण बिल्ला लावून न्या. केवढा त्रास होतोय तिला, दिसत नाही का?"

"होऊ दे त्रास. माझ्या नणंदेची वाचा अशीच गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंदूतली शब्दांची वाट बुजलीय, ती धडपडली तरच शेजारून नवी वाट पडेल. एका 'पाणी' शब्दासाठी ती रडायची, पण शब्द परत आला. हिला इतके दिवस कुणी धडपडू दिलेलंच नाही. तोंड उघडायच्या आत दुसराच बोलून मोकळा. रांगताना पडतोस म्हणून तुला कुणी जन्मभर कडेवर घेतलं होतं का?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला, "मी तिला विचारलं होतं, नोकरी सोडून परत येऊ का. ती म्हणाली, नको, तू तिकडे सुखात राहा."

त्याला काय ऐकायचं होतं हे यंत्राला कळलं होतं, आणि आता त्यालाही कळलं होतं. महानंदाचा डावा हात खुर्चीवर स्थिर झाला होता. ती एकटक मुलाकडे पाहत होती.

"मी तिकीट काढतो," मल्लिनाथ म्हणाला. "पण मी पोचेपर्यंत तरी लावू द्या, मावशी. मला हे बघवत नाही. निदान ती बोलत तरी होती माझ्याशी."

"मला का विचारतोस? इतके दिवस तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं. तिला विचार."

तो पडद्याजवळ आला. "आई, लावू का तो परत?"

महानंदानं डावा हात माझ्यापुढे पसरला. मी बिल्ला तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा करून बघितला. एक क्षण वाटलं, ही लावणार. मुलासाठी लावणार. आयांचा काही भरवसा नसतो. तिनं लावलाच असता तर मी मुकाट्यानं परतीची बस धरली असती, कारण तिचा गळा तिचा.

तिनं हात तिपाईकडे नेला आणि बिल्ला पेल्यातल्या नारळपाण्यात सोडून दिला.

दोन बुडबुडे आले. पेल्याच्या तळातून महानंदाचा आवाज म्हणाला, "खूप छान वाट..." मग बारीकसा चर्र आवाज झाला. तसा आवाज मी एकदाच ऐकला होता, फार फार वर्षांपूर्वी, खंडेनवमीला. मी महानंदाकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

भिंतीवरून मल्लिनाथला तिपाई दिसत नसावी, पण बिल्ला भिजल्याची सूचना त्याच्याकडे पोचली असणार. "काय झालं? कसला आवाज आला? बिल्ला कुठेय? पाण्यात कुणी टाकला?"

रेणुकानं तोंडाला पदर लावला.

महानंदानं डावा हात उचलला. बोट सरळ झालं आणि माझ्यावर रोखलं गेलं. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून वारा आला, मग आवाज आला. "हि..."

"काय आई? ह..." मल्लिनाथ म्हणाला. मी हात वर करून त्याला गप्प केलं. आम्ही तिघंही थांबलो. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावरचा घाम भुवईत उतरला, डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

"हि... नं."

"खोटारडी!" मी ओरडले. "भर दुपारी, पोटच्या मुलादेखत! पुन्हा म्हण बघू!"

आणि ती पुन्हा म्हणाली.